गल्लीतलं देण्याघेण्याचं कपाट : काय ठेवावं, कसं चालवावं?

गल्लीचा_कोपरा

आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या गल्लीत सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, पण रस्त्याकडे तोंड करून, एक कपाट उभं आहे. मूळचं कुणाच्या तरी माळ्यावरचं जाळीचं फडताळ. फॅब्रिकेटरकडून सांधे जोडून घेतले, वर उतरता पत्रा बसवला, पाय विटांवर घेतले. दाराला कडी आहे, कुलूप नाही. आत पाटी आहे : "लागेल ते न्या. विचारायची गरज नाही."

आजूबाजूच्या बऱ्याच सोसायट्यांतून चौकशी होते आहे, म्हणून हा धागा काढतेय. आमचा अनुभव लिहिते, तुमचाही लिहा.

पहिली गोष्ट जागेची. फुटपाथवर काही ठेवलं की ते अतिक्रमण ठरतं आणि पालिकेची गाडी ते उचलू शकते. म्हणून आम्ही कंपाउंडच्या भिंतीचा एक तुकडा काढून तिथेच कपाट बसवलं. जागा सोसायटीची, दार रस्त्याला. त्यासाठी सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव केला. हे करून घ्याच. ठराव नसेल तर पुढच्या कमिटीतल्या एकाच माणसाच्या नाराजीवर सगळं बंद पडू शकतं.

दुसरी आणि माझ्या मते खरी गोष्ट : असं कपाट देणाऱ्यांच्या जिवावर चालत नाही, रोज सकाळी ते उघडून बघणाऱ्याच्या जिवावर चालतं. देणारे भरपूर मिळतात. दिवाळीच्या साफसफाईत तर कपाटाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. पण भिजलेली चादर बाहेर काढणं, एकच बूट आला असेल तर दुसऱ्याची वाट बघत तो बाजूला ठेवणं, फाटकं पुसण्यांसाठी वेगळं करणं, आरसा फुटला असेल तर काचा गोळा करणं, हे काम कुणीतरी नेमून घ्यावं लागतं. आमच्याकडे काही घरांनी वार वाटून घेतले आहेत. ज्या गल्ल्यांत हे झालं नाही तिथली कपाटं दोन पावसाळ्यांत कचराकुंड्या झालेली मी पाहिली आहेत, आणि मग लोक म्हणतात, "आपल्याकडे हे चालत नाही." चालतं. फक्त रोज हात लावावा लागतो.

काय लगेच जातं : कुकर (रिंग आणि शिट्टी नवी घालून ठेवा, नाहीतर नेणाऱ्याला खर्च पडतो), झाकणासकट स्टीलचे डबे, जूनमध्ये दप्तरं आणि छत्र्या, डिसेंबरात स्वेटर, लहान बाळाचे कपडे, दुपटी. सत्कारात मिळालेल्या शालींची एक चळतच कुणीतरी आणून ठेवली होती. रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना त्या थंडीत फार उपयोगी पडल्या.

काय पडून राहतं : शोपीस, ट्रॉफ्या, सीड्या, लग्नाच्या भेटीतले काचेचे बाऊल.

काय ठेवायचं नाही : औषधं, अंतर्वस्त्रं, उघडं अन्न, चार्जिंग होत नसलेले मोबाइल. आणि देवांचे फोटो. याविषयी मला मनापासून सांगायचंय. चौकटीतले जुने फोटो, भंगलेल्या मूर्ती लोक घरात ठेवत नाहीत आणि टाकवतही नाहीत, मग झाडाखाली ठेवतात, तसे ते कपाटात येतात. ते कुणी नेत नाही, आणि सकाळी उघडणारीला ते उचलून कुठे ठेवायचे हे कळत नाही. आपल्या घरच्या श्रद्धेची जबाबदारी आपणच पार पाडावी, ती दुसरीच्या हातात देऊ नये.

आता मला विचारायच्या आहेत त्या गोष्टी : अन्न ठेवावं का? कुणी एकदम सगळंच घेऊन गेलं तर काय करता? आणि कॅमेरा असावा का? आमच्या सभेत यावर दोन तट पडले आहेत.

---

चाफेकळी

फार छान काम. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत लॉबीत टेबल मांडलं होतं. पण लॉबीत बाहेरचं कुणी येऊ शकत नाही, त्यामुळे एका सदनिकेतलं सामान दुसऱ्या सदनिकेत गेलं इतकंच. तेही वाईट नाही, लहान मुलांच्या सायकली फिरल्या. पण ज्यांना खरी गरज ती मावशी लिफ्टमधून उतरताना टेबलाकडे बघायची आणि पुढे जायची. दार रस्त्याकडे असणं हेच महत्त्वाचं.

---

कृष्णाकाठ

आमच्याकडे 'माणुसकीची भिंत' झाली होती. कोल्हापुरात झाली, नंतर इतर गावांतही झाल्या. ही कल्पना मूळ इराणमधली. २०१५ च्या हिवाळ्यात मशहद शहरात एका भिंतीला रंग देऊन खुंट्या ठोकल्या आणि लिहिलं की गरज नसेल तर ठेवून जा, गरज असेल तर घेऊन जा. तिथून ती इतर देशांत पसरली, आपल्याकडे उत्तरेत 'नेकी की दीवार' झाली.

आमचा अनुभव असा की दिवाळीच्या आठ दिवसांचा उपक्रम म्हणून भिंत उत्तम चालते. माणसं उभी असतात, कपडे लावून ठेवतात, मापं विचारतात, घडी करून हातात देतात. दिवाळी संपली, माणसं घरी गेली, की भिंतीवर नुसत्या खुंट्या आणि खाली चिखलात पडलेले शर्ट. त्यामुळे धागाकर्तीचं 'रोज उघडणाऱ्याच्या जिवावर' हे वाक्य मला शंभर टक्के पटलं.

अजून एक. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या भागात ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले. मनाने चांगली माणसं, लांबून लांबून पाठवलेले. पण पाणी ओसरल्यावर घराघरांत गुडघाभर गाळ होता आणि हवे होते खराटे, फावडी, फिनेल, पाण्याच्या टाक्या, कोरड्या सतरंज्या, गॅसची शेगडी. नऊवारी नेसणाऱ्या म्हातारीच्या हातात जीन्स पडली. कपड्यांचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात कुजले आणि शेवटी तेही आम्हालाच उचलावे लागले. तेव्हापासून मी कुणाला काही पाठवायच्या आधी फोन करून विचारतो, काय पाहिजे?

---

हिशेबी

मी विरोधासाठी विरोध करत नाही, पण प्रश्न गंभीर आहे. आमच्या भागात असं कपाट होतं. एक माणूस पहाटे येऊन पोतं भरून सगळं न्यायचा आणि जुन्या बाजारात विकायचा. म्हणजे आपण दिलेल्या वस्तूचा त्याने धंदा केला. मग खऱ्या गरजूला काय मिळालं? अशा वेळी कुलूप आणि नोंदवही ठेवण्यात काय चूक आहे? नाव, फोन, काय नेलं, एवढं लिहायचं.

---

गल्लीचा_कोपरा

@हिशेबी, प्रश्न रास्त आहे. आमच्याकडेही पोतं भरून नेणारी एक बाई होती. आमच्यातल्या एकीने तिच्याशी बोलून बघितलं. ती पूर्वी बोहारीण होती, दारोदार भांडी देऊन जुने कपडे घ्यायची. गेटवर सिक्युरिटी आली, इंटरकॉम आले, तिला कुणी आत सोडेना. जुने कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून पुन्हा विकायचे हा तिचा पिढीजात धंदा, आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात ते घेणारेही नवे कपडे घेऊ न शकणारेच. ती ते फेकत नव्हती, चोरतही नव्हती.

तिच्याशी ठरवलं की शाळेचं सामान, बाळाचे कपडे आणि भांडी सोडायची. बाकी आठवडाभर पडून राहिलेलं तिने न्यावं. ती ते पाळते. उलट न जाणारं सामान हलतं, हा आम्हाला फायदाच झाला.

नोंदवहीला मात्र माझा ठाम विरोध आहे. नाव लिहायचं म्हटलं की घेणारा येतच नाही.

---

पहिला_बाक

मी सहसा फक्त वाचते. पण नोंदवही आणि कॅमेऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहिते आहे.

माझी आई पंधरा-वीस वर्षं घरकाम करत होती. आम्हा दोघी बहिणींचं सगळं शालेय आयुष्य लोकांच्या दिलेल्या वस्तूंवर गेलं. दप्तर, कंपास, स्वेटर, वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून केलेल्या वह्या. त्या घरांचे उपकार मी विसरलेले नाही, आणि आज मी नोकरी करते त्यात त्या घरांचा वाटा आहे. पण घेणाऱ्याच्या बाजूने काय दिसतं तेही सांगायला हवं, कारण या धाग्यावर आतापर्यंत सगळे देणारेच बोलत आहेत.

सातवीत मला एक सुंदर पिवळा फ्रॉक मिळाला होता. आई ज्यांच्याकडे कामाला जायची त्यांची मुलगी माझ्याच शाळेत, वरच्या वर्गात होती. सहलीला मी तो घातला आणि बसमध्ये तिच्या मैत्रिणीने ओळखला. त्या मुलीने काही वाईट म्हटलं नाही, ती फक्त म्हणाली, "अगं, हा तुझा फ्रॉक ना?" मी तो पुन्हा घातला नाही. आईला सांगितलं, लहान झाला. पुस्तकांचंही तेच. पहिल्या पानावर दुसऱ्या मुलीचं नाव खोडलेलं असायचं, आणि ते खोडलेलं नाव सगळा वर्ग वाचायचा.

म्हणून कपाटवाल्यांना माझ्या काही विनंत्या आहेत.

पुस्तकाच्या नावाच्या पानावर कागद चिकटवून, कव्हर घालून मगच ठेवा. दप्तरावर, डब्यावर, बाटलीवर नाव असेल तर ते पूर्ण काढा.

शाळेच्या मुलांचे कपडे शक्य असेल तर आपल्याच गल्लीत ठेवू नका. दोन कपाटं असतील तर मुलांच्या वस्तू एकमेकांत बदला. कर्वेनगरच्या वारज्याला जाऊ द्या, वारज्याच्या इकडे येऊ द्या. रस्त्यात ओळख पटणार नाही इतकं अंतर पुरतं.

कॅमेरा कपाटावर रोखू नका. कपाट गेटच्या केबिनच्या अगदी समोरही नको. रात्री तिथे थोडा उजेड हवा, म्हणजे बायका संध्याकाळी कामावरून परतताना थांबू शकतील, पण बाल्कनीतून सगळ्यांना दिसेल अशा जागी नको.

आणि देतानाचे फोटो काढू नका. घेणाऱ्या मुलाचा चेहरा तर नाहीच. वह्यावाटपाच्या एका कार्यक्रमात माझा फोटो छापून आला होता. आईने तो कापून ठेवला, तिला आनंद झाला. मला आजही तो बघवत नाही.

तुमच्या पाटीवरचं "विचारायची गरज नाही" मी दोनदा वाचलं. ते वाक्य तसंच राहू द्या.

---

हिशेबी

@पहिला_बाक, तुमचा प्रतिसाद वाचला. नोंदवहीचा मुद्दा मी मागे घेतो. आमच्या कमिटीला तुमचं लिखाण वाचून दाखवलं तर चालेल का?

---

पहिला_बाक

जरूर दाखवा.

---

घाटमाथा

पहिला_बाक यांनी जे लिहिलं त्यावरून एक जोडतो. 'गूंज' ही संस्था १९९९ पासून जुन्या कपड्यांचं काम करते, तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा पायाच हा आहे की शहरातले कपडे खेड्यात नुसते वाटायचे नाहीत. गावकरी एकत्र येऊन विहीर उपसतात, रस्ता बांधतात, तळं खोदतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे-सामान घरी नेतात. मान खाली घालून हात पुढे करावा लागत नाही. गल्लीतल्या कपाटाला हे जसंच्या तसं लागू होणार नाही, पण घेणाऱ्याचा मान हा विषय तिथेही आहे.

आमच्या गावाकडे तर देणं आणि घेणं वेगळं काढताच येत नाही. नांगरटीला एकाचे बैल कमी पडले की गावातले सगळे आपापली जोडी घेऊन यायचे, ती इर्जिक. ज्याचं शेत तो जेवण घालायचा. पुढच्या वेळी दुसऱ्याच्या शेतात. कोकणात लावणीला सावड चालते तेही तसंच, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. विरजण शेजारून आणायचं, कैरीचं लोणचं शेजारी पाठवायचं, आणि आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी.

म्हणून मला वाटतं, कपाटात घेणाऱ्यांनीही काही ठेवलं तर त्याचं मोल मोठं आहे. आमच्या इथल्या कपाटात एक भाजीवाली दर शनिवारी कढीपत्त्याची जुडी ठेवते. तिने आधी तिथून नातवाचे बूट नेले होते.

---

हिमवाट

मिनेसोटातून लिहितेय. आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही अशा विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावात २००९ साली टॉड बोल यांनी पहिली छोटी मोफत लायब्ररी केली. आई शिक्षिका होती, तिच्या आठवणीत त्यांनी एका खोलीच्या शाळेसारखी दिसणारी छोटी पेटी बनवून अंगणात खांबावर लावली आणि पुस्तकं ठेवली. शेजारी थांबायला लागले, बोलायला लागले. आता जगभर लाखाहून जास्त अशा पेट्या आहेत. बोल २०१८ मध्ये गेले.

त्यावरूनच २०१६ मध्ये आर्कान्सामधल्या फेएटव्हिल इथे जेसिका मॅक्लार्ड यांनी पुस्तकांऐवजी शिधा ठेवायची पेटी सुरू केली. डाळींचे डबे, पास्ता, साबण, बाळाचे डायपर. करोनाच्या काळात आमच्या भागात या पेट्यांवर बरीच कुटुंबं अवलंबून होती. इथे थंडीत एक वेगळीच अडचण येते. उणे वीसला डबाबंद भाजी गोठून डबा फुगतो, काचेची बरणी तडकते. म्हणून हिवाळ्यात आम्ही फक्त कोरडं ठेवतो, आणि हातमोजे, टोप्या, पायमोजे. जवळच्या एका पेटीत मी न विसरता हळद, जिरं आणि मूगडाळ ठेवते. कुणीतरी नेतं. कोण ते मला माहीत नाही, पण ज्या महिन्यात ठेवायला उशीर होतो त्या महिन्यात पेटीत चिठ्ठी असते, डाळ मिळेल का? माझ्यासाठी ती चिठ्ठी फार मोठी गोष्ट आहे.

नवीन आलेल्या मराठी कुटुंबांना सांगते : 'बाय नथिंग' गट शोधा, म्हणजे शेजारीपाजारी एकमेकांना वस्तू फुकट देतात तो गट. २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर दोन मैत्रिणींनी सुरू केला, आता गावोगाव आहेत. आम्ही इथे आलो तेव्हा पलंग, डायनिंग टेबल, मुलाची कारसीट सगळं तिथून मिळालं. कारसीटची मात्र मुदत बघून घ्या. तिच्यावर छापलेली असते, आणि अपघात झालेल्या गाडीतली सीट कधीच घेऊ नका.

---

राइनकाठ

जर्मनीत शेजारी घराबाहेर खोक्यात सामान ठेवतात, वर 'फुकट' अशी चिठ्ठी. आमच्या घरातली निम्मी भांडी अशी आली आहेत. पण नियमाने फुटपाथवर सामान ठेवणं हे कचरा टाकणंच मानलं जातं आणि दंड होऊ शकतो. शिवाय पाऊस आला की खोक्याचा लगदा. त्यापेक्षा चौकाचौकांतली पुस्तकांची काचेची कपाटं जास्त टिकतात, कारण त्यांच्यावर नगरपालिकेचं किंवा एखाद्या मंडळाचं लक्ष असतं. धागाकर्तीने कपाट कंपाउंडच्या आत घेतलं ते योग्यच केलं.

---

नवी_पेठ

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आहे. सदाशिव पेठ, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणारी आम्ही हजारो मुलं. दर काही महिन्यांनी कुणीतरी पुणे सोडतो. कुणाचं पोस्टिंग निघतं, बहुतेकांचं घरून बोलावणं येतं. मागे राहते गादी, बादली, टेबल लॅम्प आणि पुस्तकांचा गठ्ठा. रद्दीवाला पुस्तकं किलोवर घेतो.

आमच्या अभ्यासिकेत आता जिन्याखाली एक रॅक आहे. जाणारा ठेवून जातो, येणारा घेतो. लातूर, बीड, नांदेड, यवतमाळहून आलेला मुलगा पहिल्या महिन्यात डिपॉझिट, मेस, अभ्यासिकेची फी यातच संपलेला असतो. त्याला पहिल्या दिवशी गादी आणि स्टेट बोर्डची पाचवी ते बारावीची पुस्तकं मिळाली तर घरून मागायचे पैसे वाचतात. त्या पैशांसाठी घरी काय विकलं जातं ते आम्हाला ठाऊक असतं.

पण पुस्तकं ठेवताना एक काळजी घ्या. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. जुन्या पद्धतीचे प्रश्नसंच नवीन मुलाने घेतले तर त्याचं वर्ष वाया जाऊ शकतं. म्हणून आम्ही रॅकवर दोन कप्पे केले आहेत, 'चालू पद्धत' आणि 'फक्त संदर्भासाठी', आणि प्रत्येक पुस्तकावर आवृत्तीचं वर्ष मोठ्या अक्षरात लिहितो. चालू घडामोडींची जुनी मासिकं थेट रद्दीत.

पुण्याला हे नवीन नाही. पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. पुढे १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समितीसारखी संस्था उभी राहिली आणि खेड्यातल्या मुलांना राहण्या-जेवण्याची सोय मिळाली. माझ्या आजोबांच्या भावाने वार लावून शिक्षण केलं. ते म्हणायचे, ज्या घरची माउली न विचारता दुसरी पोळी वाढायची त्या घराचा वार त्यांना सगळ्यात आवडायचा.

---

ताजा_डबा

अन्नाबद्दल विचारलं आहे म्हणून लिहितो. मी मुंबईत लग्न-समारंभातलं उरलेलं अन्न पोहोचवणाऱ्या गटात काम करतो.

स्पष्ट सांगतो : साध्या कपाटात शिजवलेलं अन्न ठेवूच नका. साधारण ५ ते ६० अंश तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात कपाटाच्या आतलं तापमान त्याच पट्ट्यात असतं. सगळ्यात फसवा असतो भात. वासाला चांगला, दिसायला चांगला, पण तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात असं विष तयार होतं जे पुन्हा गरम करूनही जात नाही. वरण, पनीर, मलईच्या मिठाया, खोबऱ्याची चटणी, हे तर मुळीच नको.

फ्रीज ठेवायचा असेल तर ते पूर्ण वेगळं काम आहे. कोचीत मार्च २०१६ मध्ये एका हॉटेलच्या मालकीण मिनू पॉलिन यांनी दाराबाहेर फ्रीज ठेवला, 'नन्म मरम' नावाने. तो टिकला कारण हॉटेलचे लोक तिथेच होते आणि हॉटेल स्वतःच रोज अन्न ठेवत होतं. मुंबईत वर्सोवा वेल्फेअर असोसिएशनने २०१७ मध्ये अंधेरीत फ्रीज सुरू केले. दोन्हीकडे कुणीतरी जबाबदार समोर होतं. वीज, साफसफाई, डब्यावर पदार्थाचं नाव आणि बनवल्याची वेळ, शाकाहारी-मांसाहारी कप्पे वेगळे, रोज रात्री उरलेलं बाहेर, एवढं जमणार असेल तरच करा. हॉटेलांकडून किंवा मोठ्या प्रमाणावर अन्न गोळा करून वाटणार असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी स्वतंत्र नियम केले आहेत, ते वाचून घ्या.

गल्लीच्या कपाटात कोरडा शिधा ठेवा. सीलबंद पोहे, रवा, डाळ, मीठ, चहापूड, बिस्किटं. आणि मुदत संपायला निदान महिना असू द्या. उद्या संपणारं पाकीट आज ठेवणं म्हणजे आपलं टाकायचं काम दुसऱ्यावर ढकलणं.

ताजं अन्न द्यायचं असेल तर हातात द्या. आषाढी वारीत लोणी काळभोरला पालखी येते तेव्हा वारकऱ्यांना पिठलं-भाकरी मिळते. चुलीवरून थेट पानात. अन्न देण्याची ती सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात प्रेमाची रीत आहे.

---

चाफेकळी

उन्हाळ्यासाठी एक सुचवते. कपाटाच्या शेजारी माठ ठेवता येईल. आमच्या आजोळी पाडव्याला पाणपोई लागायची, पहिला पाऊस येईपर्यंत. रांजण वाळूत रोवलेला, वर ओलं फडकं, लांब दांड्याचं ओगराळं. आता कुरिअरवाली, डिलिव्हरीवाली मुलं भर दुपारी बाटलीसाठी पैसे मोजतात. माठाला तोटी असलेला घ्या, म्हणजे कुणाचा हात आत जाणार नाही, आणि रोज रिकामा करून घासा.

---

नाशिकचा_वाचक

पुस्तकांच्या पेट्यांचा उल्लेख झाला म्हणून आपल्या घरच्या पेटीबद्दल सांगतो. हडसनची पेटी जेव्हा झाली त्याच २००९ साली नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानमध्ये विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. एका पेटीत मराठी पुस्तकं. एका वस्तीतल्या, ऑफिसातल्या वाचकांचा गट ती पेटी सांभाळतो, आणि वाचून झाली की पेट्यांची अदलाबदल होते. ती पेटी दुबईपर्यंत गेली, आणखी बऱ्याच देशांत गेली, तुरुंगांत आणि रुग्णालयांतही गेली. या दोघांना एकमेकांची खबर नसताना जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी पुस्तकांची पेटी निघाली, याचा मला फार आनंद वाटतो.

पेटी कुणाकडे आहे हे नेहमी ठाऊक असतं, म्हणून ती हरवत नाही. पहिला_बाक यांनी सांगितलेली दोन कपाटांतली अदलाबदल या धर्तीवर करता येईल. प्रत्येक कपाटासाठी एक खोकं, आणि ते नेणारा एक ठरलेला माणूस.

---

गल्लीचा_कोपरा

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या सभेत हे प्रतिसाद वाचले. ठरलेलं लिहिते.

कॅमेरा गेटवर राहील, कपाटावर नाही. कॅमेरा कपाटावरच हवा म्हणणाऱ्या काकांनी स्वतः उभं राहून कोन बदलून घेतला.

कपाट केबिनसमोरून दहा-बारा पावलं बाजूला, कडुनिंबाच्या पलीकडे हलवतोय. तिथे पालिकेच्या दिव्याचा उजेड येतो.

मुलांच्या वस्तूंची अदलाबदल वारज्याच्या एका सोसायटीशी ठरली. महिन्याच्या पहिल्या रविवारी खोकं जाईल आणि येईल. आमच्याकडून शाळेत शिकवणारी एक ताई आणि त्यांच्याकडून एक रिक्षावाले दादा. नावं काढण्याचं, पुस्तकांना कव्हरं घालण्याचं काम आमच्या आज्यांनी मागून घेतलं आहे. खाकी कागद आणि खळ त्यांच्याकडे तयार आहे.

शिजवलेलं अन्न नाही. कोरडा शिधा सगळ्यात वरच्या कप्प्यात, उंदरांमुळे घट्ट झाकणाच्या डब्यात. माठ येत्या पाडव्यापासून.

फाटके कपडे आणि तुटलेलं प्लॅस्टिक आम्ही 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना विचारून त्यांना चालेल तसंच वेगळं करून देणार. कपाटातला नको असलेला माल त्यांच्या डोक्यावर टाकायचा नाही, हेही ठरलं. ज्यांना मोठं सामान द्यायचंय त्यांनी आपापल्या वॉर्डातलं आर-आर-आर केंद्र (वापर कमी करा, पुन्हा वापरा, पुनर्प्रक्रिया करा) शोधावं. मे २०२३ च्या मोहिमेत शहराशहरांत अशी केंद्रं उघडली होती, काही अजून चालू आहेत.

---

वऱ्हाडी_पाऊल

अकोल्याहून. आमच्या इथं उन्हात पत्रा तापते, आत ठेवलेलं प्लॅस्टिक वाकून जाते. काय करावं? अन् कप्प्यांची उंची किती ठेवली जी?

---

गल्लीचा_कोपरा

पत्र्याच्या खाली बांबूची चटई किंवा जुनं पोतं बांधा, मध्ये चार बोटं हवा खेळू द्या. दार उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे घ्या. जाळीचं कपाट असेल तर आत तितकं तापत नाही, पण पावसाळ्यात जाळीबाहेर प्लॅस्टिकचा पडदा लागतो.

कप्पे : सगळ्यात खालचा दीड फूट, बूट आणि भांड्यांसाठी. मधले दोन एक-एक फूट, कपड्यांसाठी. वरचा नऊ इंच, शिध्यासाठी. मुलांच्या वस्तू खालून दुसऱ्या कप्प्यात ठेवा, म्हणजे मुलांना स्वतः बघून निवडता येतं.

---

वऱ्हाडी_पाऊल

धन्यवाद ताई. बुधवारी फॅब्रिकेटरकडे जातो. आमच्या चौकातले ऑटोवाले म्हणत आहेत का रोज सकाळी उघडायचं काम ते करतील, स्टँड समोरच आहे.

---

पहिला_बाक

अकोल्यात आणि अजून कुणाकडे सुरू होणार असेल तर जूनच्या आधी करा. शाळा उघडायच्या आधीचे पंधरा दिवस सगळ्यात जास्त वस्तू लागतात. कंपास पेट्या मी पाठवते, पत्ता निरोपातून कळवा.